एक जूनचा महादेव

महादेवचा वाढदिवस एक जूनला येतो. त्यात त्याचं एकट्याचं काही कौतुक नाही, कारण त्याच्या वर्गातल्या निम्म्याअधिक पोरांचा वाढदिवस एक जूनलाच येतो. खाडीकाठच्या त्या गावात शाळा चौथीपर्यंत आणि गुरुजी एकच. पोर शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्याला हात डोक्यावरून नेऊन पलीकडचा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं. मग उरली जन्मतारीख. आईबाप सांगत, "लावनी चालली होती तवा," किंवा "शिमग्याच्या आगंमागं कवातरी." गुरुजी मान डोलवत आणि एक जून लिहून मोकळे होत. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, हिशेब सोपा पडायचा.

त्या पोरांचे आता आजे झालेत. मोबाइलवर त्यांचा गट आहे, आणि एक जूनला सकाळपासून सगळे एकमेकांना शुभेच्छा देत सुटतात. कुणी कुणाला दिली आणि कुणाची राहिली, हे शेवटपर्यंत कुणाला कळत नाही. महादेव सगळ्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवतो आणि दुकान उघडतो. पण याच सोयीच्या तारखेने एकदा त्याचा जीव घ्यायची वेळ आणली होती, आणि ती कशी टळली हे तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. गिऱ्हाईक घाईत असलं तरी सांगतो.

दुकान उरण नाक्याच्या आत, गल्लीत. जाडं मीठ, वाल, सुकट आणि जवळा. बाप मिठागरात राबला, महादेव स्वतः मिठागरात वाढला. मग विमानतळ आला, गाव उठलं, मिठाचे वाफे भरावाखाली गेले. कित्येकांनी मोबदल्यात बंगले बांधले, गाड्या घेतल्या. महादेवने उलव्याला घर घेतलं आणि पनवेलला हे दुकान टाकलं, कारण मिठाशिवाय त्याला करमेना. रोज सकाळी गोणीचं तोंड सोडलं की तो चिमूटभर मीठ कपाळाला लावतो, मग तराजूला हात घालतो. ज्याचं खाल्लं त्याला विसरायचं नाही, हे त्याला थोरल्या बहिणीने शिकवलं होतं.

ही थोरली बहीण म्हणजे सखूबाई. महादेव पाच वर्षांचा असताना आई तापाने गेली, आणि चौदा वर्षांच्या सखूने भाऊ पदराखाली घेतला. शिरढोणला सासरी गेली तीही त्याला कडेवर घेऊनच, म्हणजे तसं लोक म्हणतात. खरं तर तो तेव्हा चांगला धावतपळत होता. आजही दुकानात पहिला आंबा आला, किंवा कुणी खाडीतला ताजा जिताडा आणून दिला, की महादेव आधी तिचा वाटा शिरढोणला पोचवतो. बायको सुनीता म्हणते, "आमी काय उपाशी हाव का?" पण पिशवी तीच भरून देते.

गेल्या पावसाळ्यात महादेवच्या छातीत भरून यायला लागलं. गोणी सरकवताना दम लागायचा, जिन्यात दोनदा बसावं लागायचं. पोरगा परेश उलव्याला बांधकामाची यंत्रं भाड्याने देणाऱ्या कंपनीत कामाला आहे. त्याने हट्टाने तपासण्या करून घेतल्या. डॉक्टरांनी चित्र दाखवलं. हृदयाच्या तीन वाहिन्या अडल्या होत्या, बायपास करायला हवी, आणि तीही लवकर. "लांबवू नका," एवढं ते दोनदा म्हणाले.

महादेव तयारही झाला होता. घोटाळा केला परेशने, आणि तो मायेपोटी केला. बापाचं ऑपरेशन, म्हणून चांगला दिवस बघावा असं त्याच्या मनात आलं. त्याने मोबाइलवर पत्रिकेचं ॲप उतरवून घेतलं. तारीख आधार कार्डावरची, एक जून. वेळ माहीत नव्हती, म्हणून सकाळचे सहा ठोकून दिले. गाव पनवेल. ॲपने डोळ्याचं पातं लवायच्या आत पत्रिका काढली. सिंह रास. शनी सध्या मीन राशीत, म्हणजे सिंहेपासून आठवा. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं की हा काळ जिवाला जपण्याचा आहे, शस्त्रक्रिया शक्यतो टाळावी. परेशने ते मोठ्याने वाचलं, आणि वाचल्यावर जीभ चावली. पण तोवर बापाने ऐकलं होतं.

"ह्यो शनी जाईल कवा तिथून?" महादेवने विचारलं.

"अजून दोन वर्षं तरी नाही, बाबा. पण ते सोडा ना, ॲप आहे ते."

"आनी या आदी कवा आला होता?"

परेशने झक मारली आणि तेही बघून सांगितलं. शनीला सगळं आकाश फिरून यायला तीस वर्षं लागतात. म्हणजे मागच्या वेळी तो इथे होता तेव्हा परेशचा जन्मही झाला नसेल, किंवा नुकताच झाला असेल. महादेव बोटांवर काहीतरी मोजत राहिला. त्याचा बाप त्याच काळात गेला होता. मिठागराच्या बांधावर बसल्या जागी छाती धरून.

झालं. ज्या माणसाने साठी ओलांडेपर्यंत पत्रिका डोळ्यांनी पाहिली नव्हती, ज्याचं लग्न दोन सोयऱ्यांनी ओट्यावर बसून ठरवलं होतं, तो रातोरात शनीचा माणूस झाला. ऑपरेशनचा विषय काढला की म्हणे, शनी हलू दे. सुनीता रडली, ओरडली, दोन दिवस जेवली नाही. परेशने ते ॲप काढून टाकलं, पण बापाच्या डोक्यातून कसं काढणार? डॉक्टरांकडून फोन येत होते. आणि महादेवचे ओठ जिना चढला की निळसर दिसायला लागले होते.

अशात पद्मजाबाई मीठ घ्यायला आल्या. पद्मजाबाई नवीन पनवेलला राहतात. मूळच्या पुण्याच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. सासऱ्यांनी त्यांना ज्योतिष शिकवलं. ते त्या मन लावून करतात आणि कुणाकडून पैसे घेत नाहीत. लिंबाच्या लोणच्याला त्यांना महादेवचंच जाडं मीठ लागतं. मात्र दुकानात शिरल्या की सुकटीच्या टोपल्यांकडे पाठ करून, नाकाला पदर लावून उभ्या राहतात, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं सर्दी झाल्यासारखं येतं.

त्या दिवशी गल्ल्यावर सुनीता बसली होती आणि महादेव गोणीला टेकून. "महादेवराव, हे काय, चेहरा का असा?" बाईंनी विचारलं, आणि सुनीताचा बांधच फुटला. शनी, आठवा, ऑपरेशन, मोबाइल, सगळं एका दमात सांगून झालं. बाईंनी ऐकून घेतलं. पदर नाकावरून खाली आला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"जन्मतारीख काय सांगितलीत?"

"एक जून."

बाई एवढ्या हसल्या की पलीकडचा भांडीवाला डोकावून गेला. "अहो, मी पस्तीस वर्षं शाळेत काढली. माझ्या हजेरीत इतकी एक जूनवाली मुलं होती की त्या दिवशी महाराष्ट्रातल्या सुइणींना पाणी प्यायलाही फुरसत मिळाली नसेल. ही तुमची तारीख नाही, ही गुरुजींची तारीख आहे."

"पन ते मोबाइलमदे..."

"मोबाइलला काय दोष द्यायचा? त्याला खोटं सांगितलं तर तो खोट्याचंच गणित मांडणार." मग बाई गोणीवरच बसल्या आणि फळ्यापुढे उभ्या असल्यासारख्या समजावू लागल्या. "हे बघा. जन्मकुंडली म्हणजे तुमचं घर. तुम्ही जन्मलात त्या वेळी दार कुठे, माजघर कुठे, ओटा कुठे, ते कायमचं ठरलं. आणि गोचर म्हणजे आत्ता आकाशात फिरणारे ग्रह, ते पाहुणे. शनी आज मीन राशीत आहे, तो सगळ्या जगाला मीन राशीतच आहे. पण तुमच्या घरात तो कुठल्या खोलीत उतरला, ते मोजायचं तुमच्या जन्मीच्या चंद्रापासून. तो चंद्रच दुसऱ्याचा धरलात तर पाहुणा कुठे बसलाय ते कळणार कसं? तुम्ही महिनाभर परक्याच्या घरातला पाहुणा मोजताय."

महादेवला हे पटलं. घर आणि पाहुणा त्याला कळत होता. पण भीती काही एवढ्याने जात नाही. "मागल्या फेरीला बापूस गेला बाई. ता खोटा कसा?"

"त्या दोन-अडीच वर्षांत दुसरं काही झालं नाही? चांगलं काही?"

महादेव पुन्हा बोटं मोजायला लागला. उत्तर सुनीताने दिलं. "अवो, परेश झाला ना त्याच साली! धा वरसं वाट बगितली आपन. मामंजींनी नातवाचा त्वांड बगितला आनी मंग गेले."

महादेवने बायकोकडे पाहिलं. बाप गेल्याचं वर्ष त्याने आयुष्यभर जपून ठेवलं होतं. पोर झाल्याचंही जपलं होतं. पण दोन्ही एकच वर्ष होतं, हे त्याने कधी जुळवूनच पाहिलं नव्हतं.

"तुमच्या जन्माच्या वेळी तिथे हजर असलेलं कुणी आज आहे का?" बाईंनी विचारलं.

एकच माणूस होतं. दुसऱ्या दिवशी परेशने गाडी काढली आणि पद्मजाबाईंना घेऊन सगळे शिरढोणला गेले.

सखूबाई पडवीत वाल सोलत बसली होती. पंचाहत्तरी गाठलेली, पाठीत वाकलेली, पण नजर टक्क. भावाचे ओठ बघून तिने सूप बाजूला ठेवलं. ऑपरेशनचं तिला कुणी कळवलं नव्हतं, म्हणून आधी सगळ्यांना ओळीने शिव्या बसल्या. मग चहा झाला. मग पद्मजाबाईंनी विचारलं, "सखूबाई, महादेवरावांचा जन्म नक्की कधीचा, आठवतं का?"

सखूबाईने कपबशी खाली ठेवली.

"इसरंन कशी?" ती म्हणाली. "पन आयस सांगू नको बोलली होती."

"का वो?" सुनीताने विचारलं.

"पोराला पान्याची भीती बसंल, बोलली. मिठागरावाल्याला पान्याची भीती बसली तर खायाचा काय? मंग आयस गेली. कोनी इचारला नाय, मी सांगितला नाय." तिने महादेवकडे बघितलं. "आता तुजा काय मिठागर रायला नाय. सांगते."

दत्तजयंती होती. गाव सगळं पालखीला गेलेलं. पाऊस सरल्यावर मिठागराचे बांध नीट करून खाडीचं पाणी आत घ्यायचे ते दिवस. पुनवेचं उधाण, आणि रात्रीच्या भरतीने बांध एका ठिकाणी खचला होता. म्हणून बाप, दिवस भरलेली आई आणि नऊ वर्षांची सखू, तिघं चिखल लिंपायला गेली. आईला तिथेच कळा आल्या. बांधाशेजारी मीठ ठेवायची खोपी होती, तिच्यात पोर झालं. बापाने पोराचं तोंड पाहिलं आणि तो माणसं बोलवायला गावाकडे धावला. आणि ती यायच्या आतच दुपारच्या भरतीला बांध फुटला.

"पानी खोपीत आला. आयसला उटता येइना. ती मदल्या खांबाला धरून बसली, पानी तिच्या छातीला. मना बोलली, सखू, पोर घे. मी मीठ वाहाची पाटी घेतली, तिच्यात लुगड्याचा चिंधूक घातला, तुला ठेवला, आनी पाटी डोक्यावर घेऊन उभी रायली. मीठ वाहाची सवय होती, मान नाय हालायची. तू तर मिटापरीस हलका होतास."

पद्मजाबाईंना भरतीची वेळ हवी होती, त्यावरून जन्माची वेळ जवळपास बांधता आली असती. त्यांनी हलकेच विचारलं, "किती वेळ उभ्या होतात?"

"पानी उतरेपरत," सखूबाई म्हणाली, आणि पुन्हा सूप पुढे ओढलं.

पद्मजाबाईंचं गणित सुरू झालं. साल काढायला काळूराम कामी आला. हा महादेवचा चुलतभाऊ, त्याच्याहून सहा महिन्यांनी धाकटा, आणि पनवेलच्या दवाखान्यात जन्मलेला, त्यामुळे त्याची तारीख पक्की. तिथून मागे मोजून मार्गशीर्षातली ती दत्तजयंती सापडली. पुनवेची भरती या किनाऱ्यावर दुपारी बाराच्या सुमाराला भरते, आणि जन्म तिच्या थोडा आधीचा. बाईंनी चष्मा लावून, महादेव ज्याला घाबरला होता त्याच प्रकारच्या एका ॲपवर, खरी तारीख घातली.

"वृषभ रास," त्या म्हणाल्या. "तासदोन तास इकडेतिकडे झाले तरी चंद्र वृषभेतच. म्हणजे शनी आठवा नाहीच. अकरावा आहे. लाभाचं स्थान. गोचर शनीला याहून चांगली जागा नाही, महादेवराव." मग त्यांनी चष्मा काढला. "आणि अकरावं स्थान आणखी कुणाचं असतं, माहितेय? थोरल्या भावंडांचं. तुमचा शनी सध्या तुमच्या बहिणीच्या ओट्यावर बसलाय."

परेशने "सुटलो!" म्हणून कपाळाला हात लावला. सुनीताने जागेवरूनच हात जोडले. महादेवचं मात्र लक्षच नव्हतं. तो उठून बहिणीपाशी गेला होता आणि तिच्या मानेकडे बघत होता. त्या मानेवर मागच्या बाजूला एक बारीक गाठ होती. लहानपणी तिच्या पाठुंगळी बसून त्याने ती शेकडो वेळा बोटाने दाबली होती, आणि ती कशाची हे कधी विचारलं नव्हतं. त्याला रडू आलं. साठी उलटलेला माणूस पडवीत सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडला, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. आपण महिनाभर आकाशाकडे बघून भीत होतो, आणि आपल्याला धरून उभं राहिलेलं माणूस इथे वाल सोलत होतं. ते त्याला फार लागलं, आणि फार बरंही वाटलं.

पद्मजाबाईंनी ऑपरेशनला चांगला दिवस काढून द्यायची तयारी दाखवली. महादेवने त्यांना नमस्कार केला, पण विचारलं बहिणीला.

"बाय, तू कवा येशील? तू आलीस की करतो."

"आता गाडीत बसवलास तरी येते. वाल तेवढा शेजारनीला देते."

चार दिवसांनी ऑपरेशन झालं. तो पितृपक्ष होता. एरवी पितृपक्षात सुनीता साधा झाडूही विकत घेत नाही, पण यावेळी ते तिच्या ध्यानात आलं तेव्हा नवरा अतिदक्षता विभागात डोळे उघडून पाणी मागत होता. बाहेर बाकावर सखूबाई पाय वर घेऊन बसली होती. नर्सने तिला दोनदा घरी जायला सांगितलं आणि नंतर नाद सोडला. महादेव बरा झाला. डॉक्टरांचे, पद्मजाबाईंचे आणि ज्या कुणी चांगलं चिंतलं त्या सगळ्यांचे त्याने मनापासून आभार मानले. बाईंना मिठाची अख्खी गोणी पाठवली. त्यांनी फोन करून विचारलं की एवढ्या मिठात लोणचं मुरवायचं की स्वतःलाच.

मग पद्मजाबाईंना त्याने एकदा भीतभीत विचारलंच. "बाई, शनी खराच आठवा निगाला असता तर?"

"तर मी तुम्हाला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं," बाई म्हणाल्या. "पाहुणा वाईट आला म्हणून घरातला आजारी माणूस तसाच ठेवतात का?"

यंदाच्या दत्तजयंतीला महादेवचा पहिला खरा वाढदिवस झाला. परेशने हॉटेलात जाऊ म्हटलं. महादेवने बहिणीला शिरढोणहून आणवलं आणि सगळ्यांना उलव्याजवळ खाडीकाठी घेऊन गेला. मिठागर तिथे आता नाही. कुंपण आहे, त्यापलीकडे भराव, आणि दूरवर यंत्रांची घरघर. पण अलीकडे खारफुटी आहे आणि खाडी आहे. पुनवेची दुपार होती. भरती चढत होती.

महादेवने घडीची खुर्ची उघडून सखूबाईला बसवलं. ऊन कडक होतं. त्याने छत्री उघडली आणि तिच्या डोक्यावर धरून उभा राहिला. सुनीताने केळी आणि पेढे काढले, परेशने फोटो काढले, सगळ्यांचं खाऊन झालं. पाणी मुळांपर्यंत आलं, थबकलं. महादेव तसाच उभा.

"अरे, छाती चिरलेली हाय तुजी," सखूबाई वर बघून खेकसली. "बस की खाली. किती येल उभा रवशील?"

"पानी उतरेपरत," महादेव म्हणाला.

सखूबाईने तोंड फिरवलं आणि खाडीकडे बघत राहिली. तिने पुन्हा त्याला बस म्हटलं नाही.